ताऱ्यावाली की पट्ट्यावाली?

किस्से कुणी जमवत नाही हो, ते साचतात. सलीमच्या दुकानात दुरुस्तीला आलेले टीव्ही साचले होते ना, तसे. लोक टाकून गेले, घरी नवीन घेतला, जुना न्यायला कुणी आलंच नाही. आमच्या चौघांचे किस्सेही तसेच पडून आहेत. तुम्ही बसलाच आहात तर ऐका. हसायला आलं तर हसा. मला आताशा येत नाही.

आधी माणसं सांगतो. सलीमचं मलकापुरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. त्याला लागून माझं झेरॉक्सचं. दिनकर देऊळघाटचा, वांगी-मेथी पिकवतो, दर रविवारी दुपारी फटफटीवर राजूर घाट उतरून येतो. चौथा प्रदीप. तो जळगाव जामोदला गणित शिकवतो आणि एसटीनं येतो. वर्गमित्रच आहे, पण आम्ही त्याला 'सर' म्हणतो, कारण पाचवीतसुद्धा तो असाच होता!

चौघांनाही एकच रोग. टीव्हीला जोडायचे ते जुने व्हिडिओ गेम. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, खोचायची, चालू झाली तर नशीब. शाळेत असताना सलीमच्या वडिलांच्या दुकानात लागलेला नाद. सगळ्यांचा सुटला, आमचा नाही. आमची ही म्हणते, "चार टकले अन् एक टीव्ही, देवा उचल रे यायले!" टीव्हीलाही उचल म्हणते का आम्हालाच, हे मी अजून विचारलेलं नाही.

आम्ही खेळतो कमी आणि भांडतो जास्त. भांडण एकच: गेम बनवणाऱ्यांत थोर कंपनी कोणती? लहानपणी इंग्रजी नावं वाचता यायची नाहीत म्हणून आम्ही खुणा धरल्या. गेम सुरू होताना हिरवा तारा दिसला तर ती ताऱ्यावाली कंपनी, दोन निळ्या पट्ट्या दिसल्या तर पट्ट्यावाली. ताऱ्यावालीच्या गेममध्ये उड्या, पट्ट्यावालीच्या गेममध्ये बंदुका. सलीम ताऱ्यावालीचा, दिनकर पट्ट्यावालीचा. आज तीस वर्षं झाली. लोकांनी तेवढ्यात चार-चार पक्ष बदलले, पण हे दोघं हलले नाहीत.

*

आमच्यात एक नियम आहे, तो आधी सांगायला हवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

एका रविवारी सरांनी पट्ट्यावालीच्या बंदुकीच्या गेमवर अर्धा तास व्याख्यान दिलं. शेवटच्या स्टेजची रचनाच कशी चुकली आहे, शत्रू कुठून यायला हवे होते, वगैरे. दिनकर तापत होता. सलीम मात्र शांतपणे ऐकत होता. व्याख्यान संपल्यावर त्यानं सरांच्या हातात गेम खेळायचा रिमोट दिला.

"सर, ती शेवटची स्टेज दाखवा बरं."

सर पहिल्याच स्टेजला आउट झाले. पहिल्याच शत्रूनं मारलं. वर म्हणतात, "रिमोटचं बटन घट्ट आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" दिनकर ओरडला, आणि त्या दिवशी नियम झाला: हातात घे, मंग बोल. कंपनीबद्दल काही बोलायचं असेल तर रिमोट हातात घ्यायचा आणि त्या जागी ते करून दाखवायचं. जमलं तर बोललेलं सरांच्या वहीत चढतं. नाही जमलं तर ती नुसती हवा.

वही सरांचीच. स्वतःविरुद्धचा नियम त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली रेघ मारली.

*

दिनकर खर्रा खातो. सुपारी-तंबाखूचा तोबरा भरल्याशिवाय तो घाट उतरत नाही. एकदा तसाच आला, पट्ट्यावालीची रणगाड्याची कॅसेट उचलली आणि जोरात फुंकर मारली.

बोंबला! सगळा खर्रा कॅसेटच्या आत. ती त्याची सगळ्यात लाडकी कॅसेट, आणि जिल्ह्यात दुसरी नाही. दिनकर असा बसला की मला वाटलं, घरून कुणी गेल्याचा फोन आला की काय.

सलीमनं तीन दिवस दुकानाची कामं बाजूला ठेवली. कॅसेट उघडली, स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्यानं चिपचा एकेक पाय पुसला, सुटलेले दोन पाय डाग देऊन जोडले. केसाएवढी तार असते हो ती. मी बघत होतो, श्वास धरून. सलीमचा हात दगडासारखा स्थिर होता.

रविवारी त्यानं कॅसेट दिनकरच्या हातात ठेवली. "दुश्मनाची हाये, पण म्हटलं माणुसकी सोडू नये. फक्त पुढच्या वेळी थुंकून येजो."

*

जळगाव जामोदला एकाकडे ताऱ्यावालीची दुर्मिळ कॅसेट आहे, अशी सरांना खबर लागली. आम्ही चौघंही गेलो. लग्नाची मुलगी बघायला जावं तसे, इस्त्रीचे शर्ट घालून!

त्या घरच्या म्हातारीनं आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि पिठाच्या घरघंटीकडे बोट दाखवलं. कॅसेट घंटीच्या एका पायाखाली होती. वीस वर्षं तिथं टेका देत होती.

"घेऊन जा," म्हातारी म्हणाली, "पण माही घंटी हालली नाही पाह्यजे."

सरांनी माप घेतलं, दिनकरनं अंगणातून लाकूड आणून विळ्यानं तासलं, मी घंटी तोलून धरली, सलीमनं कॅसेट काढली. बाहेर काढल्यावर त्यानं ती शर्टाला पुसली आणि वरच्या खिशात ठेवली. परतीच्या एसटीत खिशावर हात ठेवून बसला होता.

दुकानात आल्यावर लावली, तर चालेना. फुंकर मारून झाली, आपटून झाली. शेवटी सलीमनं उघडली. आत काहीच नाही! चिप नाही, पट्टी नाही. वजन लागावं म्हणून लोखंडाचा तुकडा चिकटवलेला. नकली माल करणाऱ्यांनी आम्हाला वीस वर्षांमागेच गंडवून ठेवलं होतं.

सलीमनं तो तुकडा टेबलावर ठेवला. मग दिनकर म्हणाला, "काही म्हण सलीम, ताऱ्यावालीचा हा पहिलाच गेम जो मले आवडला."

*

आता हसणं पुरे.

ताऱ्यावालीच्या उडीच्या गेममध्ये तिसऱ्या स्टेजला एक तुटका पूल आहे. पाच फळ्या, मधे खड्डे. फळीवर पाय पडला की ती निखळते, त्याच्या आत पुढची उडी मारायची. आम्हा तिघांना तो कधी पार झाला नाही. सलीम डोळे मिटून करायचा. खरोखर मिटून, आम्ही रुमाल बांधून खात्री केलेली आहे.

गेल्या वर्षी, एका रविवारी, सलीम दुसऱ्या फळीवरून पडला.

आम्ही हसलो. तो पुन्हा खेळला, पुन्हा पडला. "रिमोट गेला बे," म्हणाला. तिथंच रिमोट उघडला, आतलं रबर बदललं. पुन्हा पडला. दुसरा रिमोट काढला, तोही उघडला. मग तिसरा. दुपारभर तेच चाललं. स्क्रू त्याच्या बोटांतून निसटून फरशीवर पडत होते आणि आम्ही वाकून शोधत होतो.

"नाचता येईना..." दिनकरनं सुरुवात केली आणि थांबला. त्यालाही दिसलं होतं. टेबलावर ठेवलेला सलीमचा उजवा हात आपोआप हलत होता.

तिन्ही रिमोट चांगले होते.

*

अकोल्याला डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोल काढायला लावला, चालवून बघितलं. सगळं झाल्यावर सलीमनं पिशवीतून रिमोट काढला. मला माहीतच नव्हतं की त्यानं तो सोबत आणलाय.

"डॉक्टरसाहेब, हे पाहा. हे उडीचं बटन. मी दाबतो टायमावर, पण अंगठा पोचते उशिरा. एवढंच बसवून द्या."

डॉक्टरांनी रिमोट उलटसुलट करून पाहिला. "मुलाचा आहे का?"

"नाही साहेब. माहाच आहे."

डॉक्टर चांगला माणूस होता. हसला नाही. कंपवात आहे म्हणाला, गोळ्यांनी जरा आटोक्यात राहील, पण वाढत जाईल. येताना गाडीत सलीम मलकापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "डाग देनं तर गेलंच. ते जाऊ दे. पूल गेला ना बे विज्या." मला रडू आलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

*

तेव्हापासून सलीम वादात बोलेना. का, तर नियम! हातात घे, मंग बोल. हातानं होत नाही, मग बोलायचं कसं?

आम्ही काय काय केलं नाही! दिनकर मुद्दाम डिवचायचा, "ताऱ्यावालीचं म्युझिक म्हंजे बँडवाल्याचं पोट बिघडलं." तीस वर्षांत या वाक्याला सलीमनं चप्पल काढली असती. आता नुसता बसून राहायचा.

"बोल ना बे काही!"

"कसा बोलू? पूल पार करतो, मंग बोलतो. एकच वाक्य राह्यलं माहं: ताऱ्यावाली मोठी. पूल पार केला का ते वहीत लिवा, मंग मी मोकळा."

सर म्हणाले, आपण नियमच रद्द करू. सलीम उठून उभा राहिला. उभं राहायलाही आता वेळ लागतो. "माह्यासाठी नियम बदलशीन, तर या दुकानात पाय ठेवू नोको. काय बिमार समजून राह्यला मले?"

आता काय सांगायचं या माणसाला? बिमारच होता ना तो!

मग दिनकरनं दुसरी युक्ती काढली. आपल्याच बंदुकीच्या गेममध्ये, जिथं तो झोपेतही आउट होत नाही, तिथं सरळ खड्ड्यात गेला. "पाह्य, पट्ट्यावालीचा गेम कसा भंगार हाये!" म्हणाला.

सलीमनं मान हलवली.

"दिनकऱ्या, तू पडला नाहीस. तू उतरला."

*

आणि अशात सरांनी शोध लावला! यांना कुणी सांगितलं होतं शोध लावायला?

परदेशातल्या कुणा म्हाताऱ्यानं जुन्या अस्सल कॅसेटी गोळा करून एकेकीचा व्हिडिओ टाकलाय. सर ते रात्रंदिवस बघतात. त्यात त्यांना तो उडीचा गेम सापडला. तीच स्टेज, तोच तुटका पूल, तेच म्युझिक. फक्त सुरू होताना तारा नाही. दोन निळ्या पट्ट्या!

म्हणजे कळलं का? ताऱ्यावाली कंपनी नव्हतीच! आपल्याकडे कॅसेटी आल्या त्या नकली. नकल करणाऱ्यानं पट्ट्या खोडल्या आणि तिथं आपला तारा चिकटवला. उड्याही पट्ट्यावालीच्या, बंदुकाही पट्ट्यावालीच्या. तीस वर्षं हे दोघं एकाच कंपनीच्या दोन गेमसाठी एकमेकांची डोकी फोडत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

सरांनी बसस्टँडवर मला आणि दिनकरला हे दाखवलं. दिनकरनं व्हिडिओ दोनदा बघितला. मग स्टँडवर नाचला हो! बेचाळीस वर्षांचा माणूस! ओळख ना पाळख, बाजूच्या प्रवाशांनाही कचोऱ्या दिल्या. "तीस वर्षं मी म्हणून राह्यलो, पट्ट्यावालीच मोठी! आता त्याच्या तोंडावर मारतो!" व्हिडिओ आपल्या मोबाइलवर घेतला आणि तो चालू ठेवूनच फटफटीवर बसला. आम्ही मागून पळत गेलो.

दुकानात सलीम टीव्हीची पिन बोर्डात खोचत होता. दोन्ही हातांनी धरून. पिन भोकाच्या डावीकडे जायची, मग उजवीकडे. दिनकर दारातच थांबला. आम्हीही. पिन बसेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो.

सलीमनं वळून पाहिलं. "काय बे? एवढा पळत पळत काय आणलं?"

दिनकरच्या हातात मलकापुरातल्या बहिणीला द्यायची पिशवी होती.

"वांगे," तो म्हणाला.

मोबाइल त्यानं खिशात घातला होता, पण बंद करायचा राहून गेला होता. खिशातून ताऱ्यावालीचं म्युझिक ऐकू येत होतं.

"तुह्या खिशातून माह्या कंपनीचा आवाज येऊन राह्यला," सलीम म्हणाला.

"हाव," दिनकर म्हणाला. "ऐकतो कधीमधी."

फटफटीवर बसताना त्यानं सरांची कॉलर धरली आणि एवढंच म्हणाला, "हे त्याले सांगितलं, तर सर, तुमचं अन् माहं संपलं." सरांनी तो व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलमधून पुसून टाकला. आणि बहिणीला वांगी मिळाली नाहीत म्हणून ती दिनकरवर अजून रागावलेली आहे.

*

आता शेवटचा. हा मागच्या रविवारचा.

सलीमच्या मुलानं दुकान घेतलं. मोबाइलची कव्हरं ठेवणार आहे. त्याचंही बरोबर आहे, बापानं डाग देणं सोडून वर्ष होत आलं. सोमवारी जुने टीव्ही भंगारात जाणार होते, आमचाही. म्हणजे पुलाची ही शेवटची दुपार.

सलीम स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला होता. गोळी वेळ बघून घेतली होती. "आज बोलतोच," म्हणाला. सरांनी वही काढली, पेनाचं टोपण काढलं.

पहिल्या दोन स्टेजा दिनकरनं काढून दिल्या, तेवढं नियमात बसतं. पुलापाशी रिमोट सलीमकडे आला.

पहिल्या फळीवरून पडला. मग दुसरीवरून. पुन्हा पहिलीवरून. दिनकरनं पुन्हा स्टेजा काढल्या, पुन्हा पूल आला, पुन्हा पडला. एकदा चौथ्या फळीपर्यंत गेला. मी सरांचा दंड इतका दाबला होता की वळ उठला. तिथंच अंगठा घसरला. सलीमनं रिमोट मांडीवर ठेवला, आणि तो मांडीवरही टकटक वाजत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तरी हातानंच होतं.

"जाऊ द्या बे," तो म्हणाला. "नाही लिवलं तर नाही."

दिनकर उठला. तोंडातला खर्रा बाहेर जाऊन थुंकून आला. सलीमच्या मागं स्टुलावर बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हात घालून त्याची मनगटं धरली. अंगठ्यांवर अंगठे ठेवले.

"दाब."

"तू दाब."

"तू सांग बे कवा, मी दाबतो."

"आता," सलीम म्हणाला. पहिली फळी. "आता." दुसरी. "थांब... आता." तिसरी. "आता!" चौथी. दिनकर आयुष्यात चौथ्या फळीवर उभा राहिलेला नव्हता. "आता! आता बे, आता!"

दिनकरनं दाबलं. गेममधलं पोरगं उडालं, फळीच्या कडेला पाय लागला, आणि खड्ड्यात गेलं.

टीव्हीवर ती पडल्याची धून वाजली. दिनकरनं मनगटं सोडली नाहीत. सर वहीकडे बघत होते. मी दाराकडे.

मग सलीम मान न वळवता म्हणाला, "हात तुहा होता ना. पट्ट्यावालीचा हात. तो कसा उडी मारन?"

दिनकरनं माझ्याकडे बघितलं. सरांकडे बघितलं. त्याचा मोबाइल तिथंच टेबलावर होता.

"हाव बे," तो म्हणाला. "पट्ट्यावालीले उडी जमतच नाही. कवाच नाही जमली. ताऱ्यावालीच मोठी."

सलीम ताडकन सरळ बसला.

"सर, लिवा! लिवा पटकन! रिमोट हातात घेऊन बोलला तो! अन् पडूनबी दाखवलं!"